दुसऱ्या पानावरच्या सात खुणा

बाबा, तुमची ती काचेची ब्युरेट अजून माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे. टोकाला टवका उडालेली, म्हणून तुमच्या फॅक्टरीने बाजूला काढली होती आणि तुम्ही माझ्या नवव्या वाढदिवसाला घेऊन आलात. रीतसर विचारून आणली होती, पण आईसमोर चोरून आणल्याचा आव आणलात. मला बाहुली हवी होती. नागपूरहून लंडनच्या हॅरोला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं, शाळेत सगळ्या मुलींकडे एकाच प्रकारची बाहुली होती, आणि माझ्या हातात तुम्ही फूट-दीड फुटाची नळी ठेवलीत. मी रडले नाही. पण तुमच्याशी दोन दिवस बोलले नव्हते, हे तुम्हाला आठवत असेल.

तुम्ही एम.एस्सी. झालेला माणूस, आणि इथे सरबताच्या फॅक्टरीत दिवसभर बाटल्यांचा आंबटपणा मोजायचात. मेट्रोपॉलिटन लाइनवर तीन स्टेशनं पलीकडे. प्रत्येक बॅचमधून एक बाटली तुमच्याकडे यायची, तुम्ही त्यातलं सायट्रिक ॲसिड मोजायचात, आणि आकडा कमी आला की सगळी बॅच थांबायची. त्याबद्दल तुमची कुरकुर मी कधी ऐकली नाही. उलट रविवारी सकाळी तुम्ही तेच काम घरी काढायचात, माझ्यासाठी. स्टँड म्हणून आईचं पोळपाट उभं करून त्याला ब्युरेट बांधलेली. आत धुण्याच्या सोड्याचं पाणी. खाली पेल्यात लिंबाचा रस आणि त्यात चिमूटभर हळद. थेंब थेंब सोडायचा, आणि पिवळ्याचं तांबडं झालं की थांबून ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. आई म्हणायची, "तुमची शाळा झाली की माझं पोळपाट मला परत द्या. पोळ्या काय हवेत लाटू?"

एका रविवारी मी चुकीचा आकडा लिहिला. पहिल्यांदा चौदा पॉइंट दोन आलं होतं, दुसऱ्यांदाही जवळपास तेवढंच. तिसऱ्यांदा पंधराच्या पुढे गेलं. मी वहीत चौदा पॉइंट दोन लिहून मोकळी झाले. तुम्ही शेजारी उभे राहून बघत होतात, हे माझ्या लक्षात नव्हतं.

"परत बघ बरं," तुम्ही म्हणालात.

"पंधरा पॉइंट एक."

"मग चौदा का लिहिलंस?"

"आधी तसंच आलं होतं म्हणून."

तुम्ही आवाज चढवला नाहीत. तो तुम्ही कधीच चढवत नव्हतात, त्यामुळेच तर पंचाईत व्हायची. "वाचलं ते लिहायचं," तुम्ही म्हणालात. "जुळत नसेल तर परत करून बघायचं. आपल्याला काय हवंय ते लिंबाला माहीत नसतं." मी खोडरबर शोधायला लागले, तर तेही नाही. लॅबमध्ये खोडरबर चालत नाही आणि पेन्सिल तर मुळीच चालत नाही, चुकलेल्या आकड्यावर शाईची एक रेघ मारायची आणि खरा आकडा शेजारी लिहायचा, म्हणजे काय चुकलं होतं तेही दिसत राहतं. मी तसं केलं. ती वही कुठे गेली कुणास ठाऊक.

आता मुद्द्यावर येते. मला जे सांगायचं आहे ते एका फॉर्मबद्दल आहे, आणि त्यासाठी आपल्या घरातली पद्धत आधी सांगायला हवी, जरी ती तुम्हाला माहीत असली तरी. आपल्या घरात फॉर्म मी भरायचे. शाळेचा, कौन्सिलचा, गॅसवाल्यांचा, जीपी डॉक्टरांचा. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच नाही. माझ्या टीचर्सपेक्षा तुमचं व्याकरण पक्कं होतं. पण दिवसभर फॅक्टरीत तक्ते भरून तुम्हाला कंटाळा आलेला असायचा, माझं अक्षर बरं होतं, आणि एकदा पडलेली पद्धत पडली. मी भरायचे, तुम्ही चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचात, मग सही करायचात. तुमच्या जन्मतारखा, नंबर, आजार, ॲलर्जी, सगळं मला तोंडपाठ. तुमच्या दोघांबद्दल कुणाला न विचारता मला भरता येणार नाही असा रकाना असूच शकत नाही, अशी माझी समजूत होती. ती समजूत मी पस्तिशीपर्यंत सांभाळली.

नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी लंडनमधल्या एका हॉस्पिटलात संशोधन करत होते आणि तुम्ही नुकतेच रिटायर झाला होतात. माझं काम काय, हे आई लोकांना "मशीनवर आहे" एवढंच सांगायची, कारण खरं सांगायचं तर 'प्रोस्टेट' म्हणावं लागलं असतं. तुम्ही मात्र बारकाईने विचारायचात. मी सांगितलं होतं की एमआरआयच्या मशीनमधून नुसतं चित्र मिळत नाही, त्या जागी कोणतं रसायन किती आहे हेही एका आलेखावर उंचवट्यांसारखं दिसतं. पुरुषांच्या त्या ग्रंथीत सायट्रेटचा उंचवटा मोठा असतो, आणि कॅन्सर झाला की तो बसतो. तुमच्याच सरबतातलं सायट्रेट. ते ऐकून तुम्हाला झालेला आनंद मी विसरलेले नाही. आयुष्यभर बाटल्यांमध्ये जे मोजलं ते मुलगी माणसांमध्ये मोजते, असं तुम्ही फोनवर नागपूरच्या काकांना सांगितलंत. कुठल्या अवयवात, ते नाही सांगितलंत.

आम्हाला तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती, साठीच्या पुढची, काही त्रास नसलेली. मिळत नव्हती. शनिवारी घरी जेवताना मी हे सहज बोलले आणि तुम्ही म्हणालात, "मी येतो की. मला काय झालंय?" आईने वाटीत आमटी वाढता वाढता तुमच्याकडे बघितलं. मला त्या बघण्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

जेवण झाल्यावर टेबलावरच मी फॉर्म काढला. पहिलं पान वाचून दाखवत भरलं.

"पेसमेकर?"

"नाही."

"अंगात कुठे मेटल?"

"नाही."

"ऑपरेशन्स?"

"हर्निया. तुझ्या जन्माच्या आधी. लिही."

मग मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर सात प्रश्न होते. लघवीला किती वेळा जावं लागतं, सुरुवात व्हायला जोर करावा लागतो का, धार मध्येच थांबते का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकासमोर शून्यापासून पाचपर्यंत चौकोन. हेच सात प्रश्न मी दर आठवड्याला अनोळखी माणसांना विचारायचे. लाज वाटायची नाही, आवाजही बदलायचा नाही. पण ते इंग्रजीत, आणि समोर कुणीतरी मिस्टर अमुक. हॅरोच्या त्या टेबलाशी, आई ओट्यावर ताटं धूत असताना, वडिलांना हे कोणत्या शब्दांत विचारायचं ते मला माहीत नव्हतं. तो शब्द आपल्या घरात कधी मोठ्याने उच्चारलाच गेला नव्हता, आपण "जाऊन येतो" म्हणायचो. मी विचारलं नाही. सातही ठिकाणी शून्याच्या चौकोनात खूण केली, अर्ध्या मिनिटात, फॉर्म तुमच्याकडे फिरवला आणि म्हणाले, "इथे सही करा." आणि चहा ठेवायला उठले.

तुम्ही चष्मा लावलात. नेहमीप्रमाणे सगळं वाचलंत, तुम्हाला वेळ लागला. चहा उकळला तरी तुम्ही वाचतच होतात. मग सही केलीत आणि फॉर्म घडी न घालता परत दिलात.

पुढच्या शनिवारी तुम्ही टाय लावून आलात. ट्रेनमध्ये मी म्हटलं, "बाबा, आत गेल्यावर गाऊनच घालायचाय." तुम्ही म्हणालात, "आत जाईपर्यंत तरी माणसासारखं दिसू दे." मशीनमध्ये पाऊण तास तुम्ही हललाही नाहीत. माझ्या सहकाऱ्याने तुम्हाला आत झोपवलं, मी काचेपलीकडे बसले होते. तेवढी व्यवस्था मी केली होती. नंतर कॅन्टीनमध्ये चीज सँडविच खाताना तुम्ही परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारलेत.

"सगळ्या शरीरात सायट्रेट जळतं. मग तिथेच का साठतं?"

"तिथे झिंक खूप असतं. ते जळू देत नाही."

"आणि कॅन्सर झाला की?"

"पेशींमधलं झिंक जातं. मग त्या साठवायचं सोडून जाळायला लागतात. शरीरातल्या बाकीच्या पेशींसारख्याच."

"म्हणजे बॅच पातळ होते."

"हो."

तुम्ही सँडविचचा कोपरा बशीत ठेवलात. "मग माझी बॅच कशी आहे?"

"बाबा, व्हॉलंटियरला रिझल्ट सांगत नाहीत. ही टेस्ट नाहीये, रिसर्च आहे."

"बरोबर आहे," तुम्ही म्हणालात, "बॅचला कोण रिपोर्ट देतं." आणि हसलात. मीही हसले. आता वाटतं, तुम्ही त्या दिवशी मला खरोखर विचारत होतात.

तुमचा आलेख चांगला नव्हता. डावीकडे सायट्रेटचा उंचवटा बसलेला आणि शेजारचा कोलिनचा, कॅन्सरमध्ये वाढतो तो, चढलेला. दुसऱ्या कुणाचा असता तर मी खुर्चीत सरळ होऊन बसले असते. पण आम्ही शरीराबाहेर ठेवलेल्या कॉइलने मोजत होतो, आलेख तसेही खरखरीत यायचे, चुंबक नीट जुळला नसेल तर खोटे उंचवटे आणि खोटे खड्डे दिसायचे. मी माझ्या बॉसना दाखवला. ते स्कॉटिश, सावध गृहस्थ. त्यांनी एकच विचारलं, "याला काही सिम्प्टम्स?" मी म्हटलं, "नाही. सगळे शून्य." ते म्हणाले की मग मोजणीतच गडबड असेल, परत बोलावून स्कॅन करता येईल, नाहीतर सोडून दे. व्हॉलंटियरांपैकी एक माझे वडील आहेत हे त्यांना माहीत होतं, हा आलेख त्यांचाच आहे हे नव्हतं. तिथे फक्त नंबर होता. परत बोलवायचं तर तुम्हाला कारण सांगावं लागलं असतं. मी शीटवर 'मोजणी सदोष' असं लिहिलं आणि तुमचा नंबर बाद केला. आपल्याला काय हवंय ते लिंबाला माहीत नसतं, हे मला त्या वेळी आठवलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं नाही.

दीड वर्षाने तुमची पाठ दुखायला लागली. तुम्ही बागेतल्या खणण्याला दोष दिलात. मग रक्ताची तपासणी, मग हाडांचा स्कॅन, आणि एका मंगळवारी आपण तिघं कन्सल्टंटसमोर बसलो होतो. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "तीनदा." किती दिवसांपासून? "तीन वर्षं तरी झाली." आई माझ्या कानाशी मराठीत म्हणाली, "मला वाटायचं चहामुळे. मी संध्याकाळचा चहा बंद करून बघितला यांचा." मी मनात वजाबाकी केली. लॅबमध्ये करतात तशी, दोनदा. फॉर्म भरला तेव्हा तुम्हाला उठायला लागून दीड वर्ष झालं होतं.

त्या वेळी कळलं असतं तर तुम्ही वाचला असतात का? मला खरंच माहीत नाही, आणि हे मी स्वतःला दिलासा द्यायला लिहीत नाही. कदाचित तेव्हाच हाडांपर्यंत गेलेलं असेल. कदाचित नसेलही. दीड वर्ष हातात होतं आणि त्याचं काय झालं असतं ते मोजून बघायची संधी मी घालवली, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

मग इंजेक्शनं सुरू झाली, दर तीन महिन्यांनी पोटात. पुरुषी हॉर्मोन बंद केलं की तो कॅन्सर काही काळ उपाशी पडतो. आणि त्या औषधाने बाकीचं शरीरही बदलतं, हे मला कागदोपत्री माहीत होतं. तुमचे दंड वाळले, पोट सुटलं, भर जानेवारीत घामाघूम होऊन तुम्ही मागचं दार उघडून उभे राहायला लागलात. साखर वाढली. पुण्याच्या आत्याचा फोन यायचा, कॅन्सर साखरेवर जगतो, गोड बंद करा. मी आत्याला ठणकावून सांगितलं की हा कॅन्सर त्या जातीचा नाही, साखर दाखवणाऱ्या नेहमीच्या स्कॅनवर तो बहुतेक वेळा नीट दिसतसुद्धा नाही. आत्याला शहाणपण शिकवून झाल्यावर मी तुमच्याकडे वळले.

"बाबा, खरं सांगा. काय खाता?"

"जेवतो."

"साखर उगाच वाढत नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, मी घरात लाडूचा कण ठेवलेला नाही."

"मग बाहेर खात असतील. बाबा, आइंग रोडवरच्या दुकानात बर्फी घेता ना?"

असा रस्ता आपल्याकडे नव्हताच, मी रागाने काहीतरी नाव ठोकून दिलं होतं. तुम्ही ते दुरुस्तही केलं नाहीत. उठून चौकटीची वही आणलीत आणि माझ्यासमोर ठेवलीत. दीड महिन्याचं जेवण, शाईने, तारीखवार. दीड पोळी, वरण, काकडी. एक पोळी, मेथी, ताक. एका ठिकाणी 'अर्धा पेढा, देवळात' आणि त्याच्याभोवती गोल. मी वही मिटली. पुढच्या महिन्यात नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं की इंजेक्शनवर असलेल्या बऱ्याच जणांची साखर अशी चढते, शरीर साखर हाताळायचंच विसरतं, त्यांनी काही खाल्लं म्हणून नाही. हे मला सांगायला नर्स लागली. पेशी काय जाळतात आणि काय साठवतात यावर पगार घेणारी मी. घरी येऊन मी तुम्हाला फक्त एवढंच म्हटलं की साखरेची गोळी बदलली आहे. चुकलं म्हटलं नाही. ते आज म्हणते, चुकलं.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. आई माझ्याकडे आहे, आता ती प्रोस्टेट हा शब्द बिनदिक्कत म्हणते, देवळात भेटलेल्या साठीच्या बाप्यांना धरून धरून विचारते की रात्री किती वेळा उठता. बिचारे पळ काढतात. गेल्या महिन्यात आमचं युनिट दुसऱ्या इमारतीत हललं आणि त्या वेळच्या अभ्यासाचे कागद नष्ट करायची यादी माझ्याकडे सहीला आली. यादीबरोबर खोकंही आलं. मी तुमचा फॉर्म काढला. पहिलं पान, हर्निया. दुसरं पान, माझ्या सात खुणा, एका रांगेत, शाळकरी पोरीच्या टापटिपीने. आणि शेवटच्या, रात्री किती वेळा उठता या प्रश्नाशेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक ३. देवनागरी. तुमचा.

पेन्सिलीने, बाबा. लॅबमध्ये पेन्सिल मुळीच चालत नाही म्हणणारे तुम्ही. शाईची रेघ मारून शेजारी लिहिलं असतंत तर मला ते विचारावंच लागलं असतं, आणि मला ते जड जाणार हे तुम्ही माझ्या अर्ध्या मिनिटावरून ओळखलं असणार. तुम्ही खरा आकडा लिहिलात, आणि मला हवं असेल तर न दिसेल असा लिहिलात.

फॉर्म मी नष्ट करायला दिला नाही. नियमाबाहेर आहे, पण घरी आणला आणि ब्युरेटच्या टॉवेलात ठेवला. आईला सांगितलं की मला आत्ताच कळलं. या पत्रातही वर तसंच वाटेल असं लिहिलं आहे, चहा ठेवायला उठले म्हणून. उठले होते, ते खरं आहे. पण सोमवारी ऑफिसात फॉर्मवरचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे होते, आणि ते मीच भरले. मशीनमध्ये तुम्ही झोपलात त्याच्या पाच दिवस आधी. पेन्सिलीचा आकडा मला दिसला होता. मी स्वतःला सांगितलं की तुम्ही बसचा नंबरसुद्धा कुठेही लिहिता. मी तीन वाचलं, आणि शून्य भरलं.